रिमोट गाडीचे स्टिअरिंग आणि थ्रॉटल : ट्रान्समीटरच्या जुळवणीचा क्रम व त्यामागील कारणे

बीजसंज्ञा : रिमोट गाडी, ट्रान्समीटर, सर्व्हो, एंड पॉइंट, एक्स्पो, फेलसेफ

प्रास्ताविक

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान असलेले कोपर हे स्थानक वसई–दिवा मार्गाची गाडी पकडणाऱ्यांना विशेष परिचित आहे. स्थानकाच्या दोन्ही अंगांना वाढलेल्या वस्तीत मोकळे मैदान ही दुर्मीळ गोष्ट होय. इमारतीचे पेव्हर ब्लॉकचे अंगण, दुतर्फा दुचाकींच्या रांगा आणि मधली दोन-अडीच मीटरांची वाट, एवढीच जागा बहुतेक मुलांच्या वाट्याला येते. अशा अंगणात ताशी ३५–४० किलोमीटर वेग घेऊ शकणारी रिमोट गाडी उतरवली जाते, तेव्हा ती पहिल्या दहा सेकंदांतच एखाद्या जिन्यावर किंवा दुचाकीच्या स्टँडवर आदळते. दोष गाडीला दिला जातो, चालवणाऱ्या मुलाला दिला जातो. हातातल्या ट्रान्समीटरवरील दहा-बारा आकड्यांकडे मात्र कोणी पाहत नाही.

हा विषय घरच्या अंगणापुरता राहिलेला नाही. आयआयटी मुंबईच्या पवई येथील आवारात १९९८ पासून भरणाऱ्या टेकफेस्टमध्ये अंतर्ज्वलन इंजिनाच्या रिमोट गाड्यांची ‘फुल थ्रॉटल’ ही स्पर्धा झालेली आहे. अशा शर्यतींचे लोण आता लहान महाविद्यालयांच्या तंत्रोत्सवांपर्यंत आले आहे. विद्यार्थी गाड्या बांधतात, आवारात चालवतात, आणि परवानगीच्या अर्जावर सही करणारा प्राध्यापक पदार्थविज्ञानाचाच असेल असे नाही. तो वाणिज्य विभागाचा किंवा मराठीचाही असू शकतो. त्या सहीला काही अर्थ असावा यासाठी गाडीच्या ट्रान्समीटरवर काय जुळवले जाते, कोणत्या क्रमाने जुळवले जाते आणि तो क्रम मोडल्यास काय होते, हे समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे. या जुळवणीला आवडीनिवडीची बाब समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तिला एक तर्कशुद्ध क्रम आहे, आणि तो मोडला की एका ठिकाणचा दोष दुसऱ्याच ठिकाणी प्रकट होतो.

संदेशाचे स्वरूप

बिनतारी संदेशाने वाहन चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी एक लहान नौका लोकांसमोर चालवून दाखविली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळवले. बाजारात विकत मिळणारी रिमोट गाडी यायला पुढे जवळजवळ सात दशके लागली. इटलीतील एलेत्रोनिका जोकात्तोली या कंपनीने १९६६ मध्ये फेरारीची प्रतिकृती काढली, आणि जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली विद्युत रिमोट गाडी आणली. छंद म्हणून हा प्रकार जगभर पसरला तो त्यानंतरच्या काळात.

आपल्याकडे ‘रिमोट’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो, त्यामुळे गोंधळ होतो. जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गाडीचे बटण दाबले की चाके पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा सरळ, एवढ्या तीनच स्थिती घेतात. तेथे जुळवण्यासारखे फारसे काही नसते. छंदासाठीच्या गाडीत मात्र हाताची हालचाल जेवढी, तेवढीच चाकांची हालचाल होते. हे प्रमाणबद्ध नियंत्रण होय. पिस्तुलाच्या आकाराच्या ट्रान्समीटरवर एक लहान चक्र असते, ते स्टिअरिंगचे. आणि बोटाखाली एक खटका असतो, तो थ्रॉटलचा. खटका ओढला की गाडी पुढे जाते, विरुद्ध दिशेला ढकलला की ब्रेक लागतो किंवा गाडी मागे येते.

चक्र किती फिरले ही माहिती गाडीतील सर्व्होपर्यंत एका विद्युतस्पंदाच्या रूपाने पोहोचते. पारंपरिक पद्धतीत असा स्पंद साधारण दर २० मिलिसेकंदांनी एकदा येतो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असेल तर सर्व्हो मध्यावर राहतो. ती १ मिलिसेकंदाकडे घटली की एका बाजूस आणि २ मिलिसेकंदांकडे वाढली की दुसऱ्या बाजूस वळतो. या एका मिलिसेकंदाच्या पट्ट्यात सामान्य सर्व्होचा सुमारे ९० अंशांचा फेरा बसतो. मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईएससी’, हाही दुसऱ्या चॅनेलवर याच प्रकारचा स्पंद वाचतो. ट्रान्समीटरवरील सर्व जुळवणी म्हणजे चक्राची वा खटक्याची हालचाल आणि या स्पंदाची लांबी यांच्यातील नाते ठरवणे होय.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या दोन गाड्या एकाच वारंवारतेवर आल्या, तर एकाच्या ट्रान्समीटरने दुसऱ्याची गाडी वळे. शर्यतीपूर्वी क्रिस्टल बदलून घेण्याचा विधी असे. केंद्र शासनाने २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. छंदाच्या ट्रान्समीटरांनीही जगभर हाच पट्टा स्वीकारला आहे. येथे प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची ओळख स्मरणात ठेवतो. या ओळख करून देण्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. एका इमारतीत वायफायची वीस यंत्रे चालू असतानाही गाडी आपल्या मालकाचेच ऐकते, ते या ओळखीमुळे आणि संदेश अनेक वारंवारतांवर विखुरला जात असल्यामुळे.

आधी गाडी, मग ट्रान्समीटर

गाडी सरळ जात नाही, एका बाजूस ओढते, असे दिसले की बहुतेकांचा हात प्रथम ट्रिमच्या बटणाकडे जातो. ट्रिम दोन-चार पायऱ्या सरकवला की गाडी सरळ जाऊ लागते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ झाकला गेलेला असतो.

योग्य रीत अशी की प्रथम ट्रिम आणि सबट्रिम दोन्ही शून्यावर आणावेत, ट्रान्समीटर व रिसीव्हर चालू करून सर्व्होला त्याच्या खऱ्या मध्यावर येऊ द्यावे, आणि मग सर्व्होची भुजा, जिला ‘हॉर्न’ म्हणतात, ती जोडदांडीशी काटकोन होईल अशी बसवावी. येथे एक अडचण येते. सर्व्होच्या आसावर दाते असतात आणि भुजा त्या दात्यांवरच बसते. २५ दात्यांच्या आसावर एक दात म्हणजे १४.४ अंश. सर्वांत जवळचा दात निवडला तरी काटकोनापासून सुमारे सात अंशांपर्यंत फरक राहू शकतो. तो फरक भरून काढणे एवढेच सबट्रिमचे काम. काही कंपन्यांच्या सर्व्होंचे दाते २३ किंवा २४ असतात, म्हणून एकाची भुजा दुसऱ्यावर बळेच बसवू नये. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणताना हा आकडा विचारून घ्यावा.

सबट्रिमवर याहून अधिक भार टाकला तर काय बिघडते? समजा, भुजा एक पूर्ण दात चुकीची बसली आणि ती सबट्रिमने मध्यावर आणली. आता स्पंदाचा मध्य १.५ ऐवजी सुमारे १.६६ मिलिसेकंदांवर गेला. पट्ट्याच्या कडा जागच्या जागी असतील तर एका बाजूस ०.६६ मिलिसेकंदाचा अवकाश राहिला आणि दुसऱ्या बाजूस केवळ ०.३४ चा. गाडी सरळ जाईल, पण एका बाजूस झपाट्याने आणि दुसऱ्या बाजूस अपुरी वळेल. विद्यार्थी मग या असमान वळणावर उपाय म्हणून एंड पॉइंट बदलतो, त्यामुळे सर्व्होवर ताण येतो, आणि मूळ चूक तीन थरांखाली गाडली जाते. भुजा बसवल्यानंतर दोन्ही बाजूंच्या जोडदांड्यांची लांबी फिरवून चाके समांतर किंवा हव्या त्या कोनात आणावीत. मगच गाडी जमिनीवर ठेवावी. एवढे झाल्यावरही जो किंचित ओढा राहतो, त्याच्यासाठी ट्रिम आहे. टायर झिजणे, जमीन उतरती असणे, अशा तात्कालिक कारणांसाठी.

मर्यादा : एंड पॉइंट

ज्या गावाचे नाव या लेखात आले आहे त्याच नावाचा आपल्या शरीरातील सांधा येथे दाखल्यास उपयोगी पडतो. कोपर एका दिशेला वाकते आणि सरळ झाल्यावर थांबते. त्यापुढे जोर लावला तर हात अधिक सरळ होत नाही, सांधा दुखतो. गाडीच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांनाही अशीच यांत्रिक सीमा असते. सर्व्होला मात्र ती ठाऊक नसते. ट्रान्समीटरने सांगितलेल्या स्थितीपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न तो करीतच राहतो. सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग आघात सोसण्यासाठी असते, हा अखंड रेटा सोसण्यासाठी नव्हे.

म्हणून गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाके अधांतरी करून, चक्र सावकाश पूर्ण डावीकडे न्यावे आणि कान द्यावा. चाके अडल्यानंतरही सर्व्होची गुणगुण चालू राहिली तर एंड पॉइंट जास्त आहे. गुणगुण थांबेपर्यंत त्या बाजूचा आकडा कमी करावा. मग उजवीकडे तेच. दोन्ही आकडे सारखे येतीलच असे नाही, आणि यावेत असा आग्रहही नसावा. सारखे यायला हवेत ते जमिनीवरचे वर्तुळ. खडूने खूण करून गाडी अगदी सावकाश पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे फिरवावी, दोन्ही वर्तुळांचे व्यास मोजावेत, आणि लहान वर्तुळाच्या बाजूचा एंड पॉइंट कमी करून ते मोठ्याएवढे करावे. उलट करू नये, कारण मोठे वर्तुळ लहान करायचे म्हणजे आधीच सीमेवर असलेल्या सर्व्होला पुन्हा सीमेपलीकडे ढकलणे होय.

या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास जो परिणाम होतो तो वरकरणी अगदी असंबद्ध दिसतो. अडकलेला सर्व्हो नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो. विद्युत गाडीत रिसीव्हरला आणि सर्व्होला वीज ईएससीतील एकाच लहानशा पुरवठा-मंडलातून मिळते. त्यावर भार वाढला की तेथील दाब क्षणभर खाली येतो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढा वेळ गाडी कोणाचेच ऐकत नाही. हे घडते ते बरोबर पूर्ण वळणावर. विद्यार्थी सांगतो, ‘सर, रेंज गेली.’ तो नवा ट्रान्समीटर घेण्याचा विचार करू लागतो. रेंज कोठेही गेलेली नसते. स्टिअरिंगचा एक आकडा दहा टक्क्यांनी जास्त असतो. महाविद्यालयीन प्रकल्पांत ‘रेडिओचा दोष’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या तक्रारी प्रथम या दृष्टीने तपासाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वेग आणि वळण यांचे गणित

आतापर्यंतची जुळवणी गाडीच्या रचनेशी निगडित होती. यापुढची जागेशी आणि माणसाशी निगडित आहे. एंड पॉइंट हा गाडीचा गुणधर्म, तर ड्युअल रेट आणि एक्स्पो हे चालवण्याच्या परिस्थितीचे गुणधर्म, हा भेद स्पष्ट ठेवला तर पुढचा विचार सोपा होतो.

दहास एक प्रमाणातील सामान्य रस्तागाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे २६ सेंटिमीटर असते. पुढची चाके २५ अंश वळली तर सावकाश जाणारी गाडी सुमारे ५५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते, कारण त्रिज्या म्हणजे आसांतील अंतर भागिले वळणकोनाचा स्पर्शज्या, अर्थात ०.२६ भागिले ०.४६६. गाडीची रुंदी धरून पूर्ण उलटे वळण घेण्यास सुमारे १.३ मीटर जागा पुरते. कोपरच्या अंगणातील वाटेत ती वळू शकते. ड्युअल रेट कमी करून हाच कोन १५ अंशांवर आणला तर त्रिज्या ९७ सेंटिमीटर होते आणि जागा २.१ मीटर लागते. एखादी दुचाकी तिरकी लावलेली असेल तर गाडी अडलीच.

आता वेग विचारात घेऊ. वळणावर गाडी घसरू नये यासाठी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे गुणोत्तर घर्षणगुणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराहून मोठे होता कामा नये. कोरड्या सिमेंटवर रबरी टायरसाठी घर्षणगुणांक ०.८ धरला तर ५५ सेंटिमीटर त्रिज्येवर सुरक्षित वेग सेकंदाला जेमतेम २ मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर येतो. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर हेच सूत्र सांगते की तिला किमान १२.८ मीटर त्रिज्येचे वळण हवे. त्यासाठी लागणारा चाकांचा कोन किती? सव्वा अंशाहूनही किंचित कमी.

हा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. चाके २५ अंशांपर्यंत वळू शकतात, पण पूर्ण वेगात त्यांतील केवळ सव्वा अंश उपयोगाचा असतो. म्हणजे चक्राच्या एका बाजूच्या फेऱ्यापैकी अवघे पाच टक्के. उरलेले पंचाण्णव टक्के गाडी घसरवण्यासाठी किंवा उलटवण्यासाठीच आहेत. उन्हाळ्यात बांधकामांची धूळ पसरलेल्या किंवा पावसात शेवाळलेल्या फरशीवर घर्षणगुणांक निम्मा झाला, तर हे पाच टक्केही निम्म्यावर येतात. नवशिक्याचे बोट किंचित जरी दचकले तरी तो या मर्यादेबाहेर जातो. नवशिक्याच्या गाड्या सरळ रस्त्यावरच का उलटतात, याचे उत्तर त्याच्या निष्काळजीपणापेक्षा या गणितात आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ड्युअल रेट सगळी हालचाल एकाच प्रमाणात कमी करतो. एक्स्पो मात्र मध्याजवळची हालचाल मंद करतो आणि शेवटचा कोन पूर्ण ठेवतो. त्याचे एक प्रचलित सूत्र असे लिहिता येते :

निर्गम = (१ − क) × आगम + क × आगमाचा घन

येथे आगम म्हणजे चक्र किती फिरवले त्याचे पूर्ण फेऱ्याशी प्रमाण, निर्गम म्हणजे चाके किती वळली त्याचे प्रमाण, आणि ‘क’ म्हणजे एक्स्पोचा आकडा. क ०.४ घेतला तर चक्र पाव फेऱ्यावर असताना चाके १५.६ टक्के वळतात, अर्ध्यावर ३५ टक्के, पाऊण फेऱ्यावर सुमारे ६२ टक्के, आणि शेवटी पूर्ण १०० टक्के. ज्या पाच टक्क्यांत पूर्ण वेगाचे सारे काम उरकायचे होते, ते आता चक्राच्या सुमारे आठ टक्क्यांत पसरते. बोटाला तेवढा अधिक वाव मिळतो. गणित विभागाच्या सहकाऱ्यांना वर्गात अवकलनाचे उदाहरण म्हणून हे सूत्र वापरता येईल. मध्याजवळ त्याचा उतार ०.६ आहे, शेवटी १.८, म्हणजे शेवटाकडे चाके मध्यापेक्षा तिपटीने चपळ होतात.

याच कारणाने एक्स्पोचा अतिरेक घातक ठरतो. क ०.७ केला तर मध्याजवळचा उतार ०.३ आणि शेवटचा २.४, म्हणजे आठपट फरक. अशी गाडी आधी ऐकतच नाही, आणि मग एकदम ऐकते. चालवणाऱ्याची सवय मध्यावर पडते आणि घात कडेला होतो. सुरुवातीस वीस-तीस टक्क्यांपलीकडे जाण्याचे कारण दिसत नाही. आणखी एक सावधगिरी चिन्हाची : फुताबाच्या ट्रान्समीटरवर ऋण आकडा मध्य मंद करतो, तर स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरवर धन आकडा. मित्राच्या गाडीचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याची गाडी त्यामुळे अधिकच चंचल होऊ शकते.

आता जागेचा प्रश्न. प्रचलित सल्ला असा असतो की नवशिक्याला ड्युअल रेट कमी करून द्यावा. मोकळ्या मैदानावर तो योग्य आहे, कारण तेथे वेग हवा असतो आणि मोठी वळणे परवडतात. अरुंद अंगणात मात्र तोच सल्ला उलटतो. तेथे पूर्ण वळणाची गरज पावलोपावली लागते, आणि कमी करायचा असतो तो वेग. ज्या अंगणात गाडी दोन मीटरांत वळवायची आहे, तेथे स्टिअरिंग पूर्ण ठेवून थ्रॉटल आवळावा. ज्या मैदानात पन्नास मीटर सरळ धावायचे आहे, तेथे थ्रॉटल मोकळा सोडून स्टिअरिंग आवळावे. दोन्ही मोकळे ठेवण्याचा अधिकार अनुभवाने मिळतो. दोन्ही आवळून दिलेली गाडी मूल आठवडाभरात कपाटावर ठेवून देते, हेही सांगितले पाहिजे.

थ्रॉटल आणि एक फसवा आकडा

ईएससीला प्रथम हे शिकवावे लागते की या विशिष्ट ट्रान्समीटरचा मध्य कोणता, पूर्ण पुढची स्थिती कोणती आणि पूर्ण ब्रेकची कोणती. या क्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात. बहुतेक ईएससींत एक बटण दाबून धरत वीज चालू करतात आणि सांगितलेल्या क्रमाने खटका या तीन स्थितींत नेऊन प्रत्येक स्थिती नोंदवतात. त्या वेळी ट्रिम शून्यावर आणि थ्रॉटलचे दोन्ही एंड पॉइंट १०० टक्क्यांवर असले पाहिजेत.

हा क्रम चुकला तर काय होते ते मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण यात धोका आहे. समजा, एखाद्या पालकाने सुरक्षिततेसाठी ट्रान्समीटरवर थ्रॉटल ५० टक्क्यांवर आणला आणि नंतर ईएससीचे कॅलिब्रेशन केले. खटका पूर्ण ओढल्यावर येणारा स्पंद आता अर्ध्याच लांबीपर्यंत जातो, पण ईएससी त्यालाच ‘पूर्ण’ म्हणून लक्षात ठेवतो. गाडी पूर्ण वेगाने धावते. ट्रान्समीटरच्या पडद्यावर मात्र ५० हा आकडा दिमाखात उभा असतो. पालक निर्धास्त, मूल आनंदित, आणि वाटेतून जाणाऱ्या आजींना त्यांतले काहीच ठाऊक नाही. आधी पूर्ण मर्यादांवर कॅलिब्रेशन करून मग थ्रॉटल कमी केला तरच तो आकडा खरा असतो. ट्रान्समीटर बदलला किंवा कोणी कॅलिब्रेशन पुन्हा केले, तर हा क्रमही पहिल्यापासून करावा लागतो.

थ्रॉटललाही एक्स्पो देता येतो आणि त्याचे सूत्र तेच. गुळगुळीत फरशीवर मागची चाके जागीच फिरू नयेत यासाठी तो उपयोगी पडतो. ब्रेकची कमाल तीव्रता वेगळी कमी करता येते. ब्रेक लावताच गाडी स्वतःभोवती फिरत असेल तर तोच उपाय. मागे जाण्याची सोय शर्यतीत बहुधा बंद ठेवावी लागते. अंगणात ती चालू असावी, नाहीतर प्रत्येक भिंतीपाशी उठून जावे लागते.

नियंत्रण तुटल्यावर

दहास एक प्रमाणातील विद्युत गाडीचे वजन बॅटरीसह सुमारे १.८ किलोग्रॅम धरले तर सेकंदाला १० मीटर वेगाने तिची गतिज ऊर्जा ९० ज्यूल होते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १२० किलोमीटर वेगाने टाकला तर त्याची ऊर्जाही जवळजवळ एवढीच. फरक एवढाच की त्या चेंडूसमोर फलंदाज पॅड बांधून उभा असतो; येथे समोर घोट्याच्या उंचीवर कोणीही असू शकते. आठास एक प्रमाणातील, साडेतीन किलोग्रॅमची इंजिनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने जाते तेव्हा हा आकडा ४८० ज्यूलच्या पुढे जातो.

संपर्क तुटला तर रिसीव्हरने काय करावे, हे ज्या जुळवणीने ठरते तिला फेलसेफ म्हणतात. काही रिसीव्हर शेवटचा मिळालेला संदेशच पुढे चालू ठेवतात. तो संदेश पूर्ण थ्रॉटलचा असेल तर गाडी पूर्ण थ्रॉटलने जात राहते. थ्रॉटलसाठी अशी व्यवस्था कधीही ठेवू नये. पूर्वनियोजित स्थिती निवडावी, आणि ती विद्युत गाडीसाठी मध्य अथवा हलका ब्रेक, तर इंजिनाच्या गाडीसाठी ब्रेक असावी. संपर्क तुटल्याची खात्री करून घेण्यात रिसीव्हरचा काही वेळ जातो. तो अर्धा सेकंद असला तरी तेवढ्यात गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते. कोपरसारख्या ठिकाणी, जेथे वस्ती, रस्ता आणि रेल्वेमार्ग एकमेकांना खेटून आहेत, तेथे हे पाच मीटर जागा निवडतानाच हिशेबात धरले पाहिजेत. रुळांच्या बाजूस उघड्या असलेल्या जागेत गाडी चालवूच नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण रुळांकडे गेलेली गाडी आणायला मूल धावणार हे गृहीत धरून सांगितलेच पाहिजे.

फेलसेफ बसवताना एक बारकावा सहज निसटतो. अनेक रिसीव्हर बाइंडिंगच्या क्षणी खटका ज्या स्थितीत असेल तीच स्थिती फेलसेफ म्हणून साठवतात. त्या क्षणी बोट खटक्यावर दाबलेले राहिले तर संपर्क तुटल्यावर गाडी थांबण्याऐवजी धावेल. इंजिनाच्या गाडीत आणखी एक मर्यादा आहे. फेलसेफ रिसीव्हरमध्ये वसते आणि रिसीव्हर बॅटरीवर चालतो. बॅटरीच संपली तर ही सोयही संपते, इंजिन मात्र इंधनावर चालूच राहते. म्हणून अशा गाडीत थ्रॉटल बंद स्थितीकडे खेचणारी एक स्प्रिंग असलीच पाहिजे. तिची किंमत चहाच्या कपापेक्षा फारशी जास्त नसते.

अँटेनाविषयीही थोडे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.३ सेंटिमीटर, आणि रिसीव्हरच्या तारेचा उघडा शेवट तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे सुमारे ३.१ सेंटिमीटर असतो. दिसायला तो निरुपयोगी तुकडा वाटतो आणि गाडी ‘नीटनेटकी’ करण्याच्या भरात विद्यार्थी तो कापतात किंवा कार्बन फायबरच्या पट्टीखाली दाबतात. तो उभा आणि मोकळा असावा. या लहरी पाणी शोषून घेते, म्हणून प्रेक्षकांची दाट रांग आणि ओले गवत यांच्यापलीकडे रेंज कमी होते. चालवणाऱ्याला थोड्या उंचावर उभे करण्याची शर्यतीतील पद्धत गाडी नीट दिसावी म्हणून आहेच, तिचा हाही लाभ होतो.

तंत्रोत्सवात गाड्यांची नोंदणी करणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला प्रश्न विचारत बसण्यापेक्षा गाडी ठोकळ्यावर ठेवायला सांगावी. ट्रान्समीटर आधी चालू करावा आणि गाडी नंतर. बंद करताना गाडी आधी आणि ट्रान्समीटर शेवटी. या क्रमाने गाडी कधीही मालकाविना जिवंत राहत नाही. चक्र दोन्ही टोकांना नेऊन सर्व्हो गुणगुणतो का ते ऐकावे. मग चाके हलक्या थ्रॉटलवर फिरत असताना, केवळ चाचणीपुरता हा क्रम मोडून, ट्रान्समीटर बंद करायला सांगावा. चाके एका सेकंदाच्या आत थांबली नाहीत तर गाडी मैदानात जाणार नाही, एवढेच सांगून ती परत द्यावी. कारण शोधणे हा विद्यार्थ्याचा अभ्यास आहे. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते. मधल्या वेळेत कोणी रिसीव्हर पुन्हा बाइंड केला असेल, तर ती पुन्हा घ्यावी लागते.